येवल्याच्या ललिता पवार

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नायक-नायिकेच्या खाली जी नावं येतात, त्यांना आपण नकळत दुय्यम ठरवून टाकतो. माझं म्हणणं असं की, नायकाचा चांगुलपणा आपल्याला पटतो की नाही, हे पुष्कळदा याच माणसांच्या हाती असतं. त्याचा उत्तम दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे: १९१६ साली येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार. हृषीकेश मुखर्जींचा १९५९चा ‘अनाडी’ घ्या. राज कपूरचा नायक भोळा, प्रामाणिक. पण पडद्यावरचा भोळेपणा फार लवकर बेगडी वाटू लागतो. इथं तो खरा वाटतो मिसेस डिसामुळे. ही घरमालकीण त्याच्यावर सतत खेकसते आणि जीवही लावते. ललिताबाई राग आवाजात ठेवतात, माया नजरेत. पुढे सदोष औषधानं ती दगावते, तेव्हा मोतीलालनं रंगवलेल्या औषध कारखानदाराचा गुन्हा आपल्याला आतून लागतो, कारण गेलेलं माणूस आपलं झालेलं असतं. या भूमिकेला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं, ते रास्तच होतं.

कुणी म्हणेल, यात कला कसली? १९४२ साली चित्रीकरणात सहकलाकार भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिकेची खाष्ट सासू झाली ती त्या डोळ्यामुळे. भूमिका बदलल्या त्या अपघातानं, हे खरंच आहे. पण तोच डोळा १९५५च्या ‘श्री ४२०’मधल्या प्रेमळ केळीवालीला आहे आणि त्याच वर्षीच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये पुरुषजातीवर खार खाणाऱ्या श्रीमंत सीतादेवींनाही आहे. वाक्य कुठं तोडायचं, कुणाकडे किती वेळ पाहायचं, हे इजा शिकवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुढे त्याच त्या सासवा किती! तो दोष साचे पाडणाऱ्या निर्मात्यांचा. हॉलिवूडमध्ये थेल्मा रिटरलाही अशाच फटकळ बायका मिळत राहिल्या. ऑस्करसाठी सहा नामांकनं झाली, पुरस्कार एकदाही नाही. तरी ‘रिअर विंडो’त शेजाऱ्यांच्या घरात डोकावणाऱ्या नायकाला सुरुवातीलाच खडसावते ती थेल्मानंच रंगवलेली नर्स, आणि तिच्या त्या बोलण्यानंच त्याच्या कुतूहलाचं वजन आपल्याला कळतं. ललिताबाईंनी सत्तरीत रामानंद सागरांच्या ‘रामायणा’त मंथरा केली. कैकेयीचं मन फिरलं हे त्या थोड्या प्रसंगांत पटलं नसतं, तर पुढच्या सगळ्या वनवासाला आधारच उरला नसता.