मार डोक्याला, चक्कर कानातली
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



आपल्या लोणावळ्याच्या पावसात शेवाळावरून पाय घसरतो, डोकं आपटतं. रक्त येत नाही, म्हणून आपण निर्धास्त. मग काही दिवसांनी कुशीवर वळलं की खोली गरगरते. गेल्या पावसाळ्यात मला हेच झालं. घरचे म्हणाले, "बीपी असेल."

कानाच्या डॉक्टरांनी मला झटकन आडवं करून डोळे पाहिले. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. माराने ते सुटून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, एंट्री भलत्याच खात्यात! 'एप्ली' पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणतात. मला दोन वेळांत आराम पडला.

पण प्रत्येक चक्कर कानातलीच नसते. कधी मेंदूला बसलेला हादरा, कधी मान कारण असते. तपासणीनंतर 1-2 दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं. चक्करेच्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, अडखळतं बोलणं दिसलं तर लगेच 108. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर काही त्रास नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"वय झालं" हे निदान नव्हे.