कियांतीचे द्राक्ष भीमेच्या खोऱ्यात

गाणगापूरच्या संगमावर स्नान करणाऱ्या यात्रेकरूच्या ओंजळीत नीरेचेही पाणी असते. अकलूजवरून आलेली नीरा नरसिंगपुरास भीमेला मिळते आणि भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यात उतरते. त्या अकलूजच्या परिसरात टस्कनीचे ‘सांजोवेझे’ हे काळे द्राक्ष रुजले आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावांच्या तीन जोड्यांनी २००७ साली ‘फ्रातेल्ली’ हा उद्योग उभारला. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. टस्कनीचे जाणते मद्यकार पिएरो मासी हे सातवे. त्यावरून त्यांच्या नामांकित तांबड्या मद्याचे नाव पडले ‘सेत्ते’, म्हणजे सात. सांजोवेझेला त्यात काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच द्राक्षाची जोड आहे.

द्राक्ष तेच, ऋतू मात्र निराळा. टस्कनीत थंडीने वेल निजते व तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. येथे वेलीला निजवणार कोण? ते काम कात्रीचे. एप्रिलात खरड छाटणी, पाऊस ओसरल्यावर फळछाटणी, आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चात, ऊन चढत असताना. उन्हाने साखर झपाट्याने भरते, आंबटपणा उतरतो; साल आणि बी मात्र मागे राहतात. खरी कसोटी हीच. तोडणीची घाई केली तर मद्य हिरवट नि कडसर. रेंगाळले तर नुसते जड. म्हणून जाणता बागाईतदार साखर मोजण्याचे साधन जवळ असूनही मणी तोंडात टाकतो, साल चावतो, बी दातांखाली फोडून पाहतो. बी तपकिरी झाले असेल तरच कात्री चालते.

तांबड्या मद्याचा रंग रसाचा नव्हे, सालीचा. म्हणून रस सालींसह आंबवितात. साली वर येऊन जाड थर धरतात. तो वरचेवर रसात बुडवावा लागतो, नाहीतर मद्याचा शिरका होण्याची भीती. पुढे ओकच्या पिंपात मुरणे.

‘कियांती’ हे नाव अर्थातच येथल्या मद्यास लावता येत नाही. त्या प्रदेशाच्या सीमा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने १७१६ सालीच आखून दिल्या, आणि ते योग्यच झाले.

चाखताना इटालियन माणसाला आंबट चेरी आठवते. आळंद-अफझलपूरच्या माणसाने चेरी कशास आठवावी? तुरटपणासाठी त्याच्यापाशी जांभूळ आहे, डाळिंबाची साल आहे. आंबटपणासाठी तर चिंचच पुरे. द्राक्षातील मुख्य आम्ल आणि चिंचेतील आम्ल एकच आहे.