कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग

ज्या सोलापूरकरांच्या डोळ्यांपुढे जलाशय म्हणताच सिद्धेश्वर तलावच उभा राहतो, त्यांनी एकवार मालवण बंदरातून होडीने कुरटे बेटावर अवश्य जावे. कारण परकीय आरमारांस व जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्याकरिता शिवछत्रपतींनी १६६४ साली आरंभिलेल्या सिंधुदुर्गाच्या तटाला चोहोंकडून खारा समुद्र भिडत असूनही, आतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे. राजाराम महाराजांनी उभारविलेल्या शिवराजेश्वर मंदिरातील छत्रपतींची मूर्ती, नवल म्हणजे, दाढीविना आहे. आणि चुन्यात उमटलेला एक हस्तठसा त्यांचाच मानला जातो. मालवणजवळच्या तारकर्लीची पुळण रम्य खरीच, परंतु प्रथम मान किल्ल्याचा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. सबब प्रवास दिवाळीनंतर योजावा.