कोरडे आणि खरकटे : चहाच्या यंत्राच्या निमित्ताने

(बालाघाट येथे 'व्यवहारातली मराठी' या विषयावरील सत्रात केलेल्या भाषणाचा लिखित मसुदा)



'व्यवहारातली मराठी' म्हटले की आपण दुकानांच्या पाट्या, बँकेचे अर्ज आणि न्यायालयाची भाषा यांकडे वळतो. मी आज एका यंत्राविषयी बोलणार आहे. बटण दाबले की कागदी पेल्यात भुकटीचा चहा किंवा कॉफी ओतणारे हे यंत्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ते कार्यालयात असते, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात असते, महाविद्यालयातही असते. ते धुवायला सोपे कसे करावे हा प्रश्न अभियंत्यांचा आहे. मात्र त्याचे निम्मे उत्तर भांडी घासणाऱ्यांच्या क्रियापदांत पडून आहे असे मला वाटते, आणि साहित्याची अध्यापक असूनही मी या विषयात शिरले ती त्या क्रियापदांमागोमाग.

आधी यंत्राच्या पोटात काय असते ते पाहू. वर दोन-तीन डबे असतात. त्यांत दुधाची भुकटी, साखर, चहा-कॉफीची भुकटी किंवा हे सारे एकत्र केलेले मिश्रण असते. डब्याच्या तळाशी मळसूत्री दांडा फिरतो आणि मोजकी भुकटी पुढे ढकलतो. ती एका पन्हळीतून खालच्या लहानशा वाटीत पडते, तिथे कडकडीत पाण्याची धार येते आणि एक चिमुकली चकती गरगर फिरून दोहोंचे मिश्रण करते. ही चकती म्हणजे आपल्या रवीचेच धाकटे भावंड. तयार झालेला चहा रबरी नळीतून पेल्यात उतरतो.

सगळी गोम आहे ती पन्हळीच्या तोंडाशी. वाटीत गरम पाणी पडले की वाफ वर चढते आणि पन्हळीतून थेट भुकटीपर्यंत पोचते. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत निम्म्याच्या आसपास दुग्धशर्करा असते. ती हवेतली ओल शोषून घेते आणि चिकट होते. साखर तर आहेच. मग भुकटीचे खडे होतात, पन्हळीच्या कडेला पुटे चढतात आणि पुटांवर पुन्हा भुकटी बसते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात मिठाला पाणी सुटते आणि पापड मऊ पडतात, तेव्हा या पन्हळीत काय चालले असेल याची कल्पना कोणत्याही गृहिणीला करता येईल.

इथे मला एक जुना शब्द आठवतो : खरकटे. आज आपण तो 'उष्टे-खरकटे' अशा जोडीत वापरतो आणि दोन्हींचा अर्थ एकच समजतो. मुळात ते दोन निराळे शब्द आहेत. उष्टे म्हणजे कोणी तोंड लावलेले. खरकट्याचा संबंध तोंडाशी नाही. तो पाण्याशी आणि शिजण्याशी आहे. जुन्या घरांत भात खरकटा होता, पण कोरडे पोहे, लाह्या, भाजलेले दाणे खरकटे नव्हते. खरकट्या हाताने कोरड्याच्या डब्याला शिवायचे नाही, हा दंडक होता. या विभागणीच्या आडून माणसामाणसांत ज्या भिंती उभ्या राहिल्या त्या आपल्याला ठाऊक आहेत, आणि मी त्यांचे समर्थन करायला उभी नाही. परंतु सोवळ्याची पुटे खरवडून काढली तर खाली एक शुद्ध व्यावहारिक निरीक्षण उरते : कोरडे अन्न टिकते, ओले झालेले नासते, म्हणून दोहोंच्या मधली सीमा राखा.

भुकटीच्या यंत्राची सगळी रचना या एका सीमेभोवती झाली पाहिजे. डब्यातली भुकटी कोरडी आहे, वाटीतली खरकटी. चांगल्या यंत्रात या दोहोंत अंतर असते. वाफ बाहेर खेचणारा लहान पंखा असतो, पन्हळीचे तोंड वाफेच्या थेट वाटेवर येत नाही. वाईट यंत्रात पन्हळ वाटीवर जवळजवळ टेकवलेली असते, कारण त्यामुळे यंत्र चार बोटे बुटके होते आणि कोपऱ्यात मावते.

या चिकट पुटांमुळे नुसता चहा पातळ येतो एवढेच असते तर मी आपला वेळ घेतला नसता. दुधाच्या भुकटीत बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूची बीजे असू शकतात. ती उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. कोरड्या भुकटीत ती निपचित पडून राहतात. पण वाटीच्या कडेला ओलसर कोमट लगदा मिळाला की रुजतात, वाढतात, आणि त्यांतले काही प्रकार असे विष तयार करतात की ते नंतर तापवूनही नष्ट होत नाही. गरम अन्न साठ अंशांच्या वर ठेवावे असे सांगतात ते म्हणूनच. दोन पेल्यांच्या मध्ये वाटी तासभर रिकामी राहिली तर ती साठ अंशांवर राहत नाही. 'पाणी तर उकळते येते, मग कसली भीती?' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर या बीजांत आहे. दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी बसलेले माणूस रात्री दोन वाजता जो चहा घेते, तो याच वाटीतून येतो.

टपरीवरच्या चहाला आपण नाके मुरडतो. पण टपरीवाल्याचे पातेले उघडे असते. त्याची कड काळी आहे की लख्ख, गाळणीचे फडके कसे आहे, हे गिऱ्हाईक पाहते आणि वाटले तर पुढच्या टपरीवर जाते. यंत्राचे सारे झाकलेले, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची! बंद म्हणजे स्वच्छ, असे आपण गृहीत धरले आहे. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे : वाटी आणि पन्हळ पारदर्शक असावी, आणि दार उघडल्याबरोबर ती समोर दिसावी.

आता एका लोट्याकडे वळते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील चार्ल्स आणि रे ईम्स हे दांपत्य आपल्या देशात आले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली, ती त्या अहवालाच्या पायावर. देशभर पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वांत थोर वाटला तो आपला साधा लोटा. असा लोटा नव्याने घडवायचा तर कशाकशाचा विचार करावा लागेल याची त्यांनी यादी दिली आहे. तो किती पाणी धरतो, कमरेवर कसा बसतो, ओतताना कसा कलतो, हे त्यात आहेच. शिवाय तोंड केवढे आणि आतली गोलाई कशी म्हणजे तो धुता येईल, आणि आतून-बाहेरून त्याचा पोत धुवायला कसा, हेही आहे. धुणे हा त्या यादीत घडणीचाच भाग आहे, वापरानंतरची कटकट नव्हे.

शेजारच्या भंडाऱ्याची पितळी भांडी या भागातल्या घराघरांत होती. आपला विदर्भी गंज आठवा. त्याच्या तळाला कोपरा नाही, भिंत आणि तळ एकमेकांत वळून मिसळतात, बोटे सगळीकडे पोचतात. अन्नाला लागणाऱ्या यंत्रांचे आतले कोपरे किमान तीन मिलिमीटर त्रिज्येने गोल असावेत, पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे युरोपातल्या मार्गदर्शिका आज आकडे देऊन सांगतात. आपल्या तांबटाने मायक्रोमीटर मोजला नव्हता. पण ज्या भांड्यात बोट अडते ते भांडे बाजारातून परत येते, हे त्याला ठाऊक होते. यंत्रांच्या बाबतीत हा परतीचा मार्ग तुटला आहे. घेणारा वेगळा, पिणारा वेगळा, धुणारा आणखी वेगळा.

आणि आता क्रियापदे. यंत्रावरच्या चिकटपट्टीवर हिंदी-इंग्रजीत एकच सूचना असते : रोज साफ करा. आपली मराठी या एका 'साफ करा'ला किती ठिकाणी फोडते ते पाहा. झाडणे, झटकणे, निपटणे, खरवडणे, भिजत घालणे, चोळणे, घासणे, विसळणे, खंगाळणे, निथळत ठेवणे, पुसणे, पालथे घालणे. यांतली कोणतीही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नुसती विसळलेली कढई कोणी घासलेली म्हणून खपवली, तर घरात महाभारत होते.

हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली धुण्याचे एक वर्तुळ मांडले. रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ असे त्याचे चार भाग. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. आपली क्रियापदे त्यावर ठेवून पाहा. भिजत घालणे म्हणजे वेळ. घासणे म्हणजे घर्षण. राखड आणि चिंच म्हणजे रसायन. राखेतला क्षार तुपकटपणा तोडतो, चिंचेतले आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवते. यंत्राच्या पाणी तापवणाऱ्या टाकीत बोअरच्या पाण्याचे क्षार साचतात, ते काढायला कंपन्या लिंबाचे सत्त्व वापरायला सांगतात; चिंचेचीच ही बहीण.

या वर्तुळातून एक गोष्ट लगेच कळते. हल्लीच्या यंत्रांत 'आपोआप धुण्याचे' बटण असते. ते दाबले की गरम पाणी वाटीतून आणि नळीतून वाहते. हे खंगाळणे झाले. त्यात उष्णता आहे, पण घर्षण नाही आणि वेळही नाही. दुधाचा पातळ पापुद्रा तसाच राहतो. बटण उपयोगी आहे, दिवसातून चार वेळा दाबावे. पण ते घासण्याची जागा घेऊ शकत नाही. विक्रेते मात्र ते तसे घेते असे सांगून यंत्र विकतात. भाषेतली ही लबाडी आहे, आणि भाषेच्या माणसांनी ती दाखवून द्यायला हवी.

क्रम हाही क्रियापदांनीच ठरतो. भुकटी सांडलेल्या जागी आधी पाणी घातले की तिची लापशी होते आणि ती फटीत शिरते. म्हणून आधी झाडणे, मग भिजवणे. पण झाडायचे तर कोरड्या ब्रशला आत जाता आले पाहिजे, म्हणजे डबा हातासरशी निघाला पाहिजे. घासायचे तर वाटी बाहेर आली पाहिजे, तीही पेचकस न शोधता, अर्ध्या वळशात. आणि सर्वांत घाणेरडी जागा कोणती? त्या चिमुकल्या रवीचा दांडा जिथून भिंतीतून आत येतो ती. तिथे एक रबरी कडी असते. तिच्यामागे दूध झिरपते आणि आंबते. ही कडी बोटांनी निघाली पाहिजे, आणि परत उलटी बसवताच येऊ नये अशी तिची घडण पाहिजे.

माझ्या माहितीतल्या एका कार्यालयात असे यंत्र आहे. तिथे ठेक्यावर काम करणाऱ्या बाई ते रोज पुसतात. बाहेरून ते इतके चकचकीत, की त्यात तोंड पाहावे. आतले कोण धुते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "मॅडम, आतलं मले कोणं दाखवलंच नाही. चाबी त्या भुकटीवाल्या भाऊपाशी राहते." तो भाऊ येतो डबे भरायला, कधी चार दिवसांनी, कधी आठ. धुणे त्याच्या कामात लिहिलेले नाही, आणि बाईंच्या कामात लिहिलेले असले तरी कुलूप आहे. अशा वेळी 'रोज साफ करा' ही पट्टी कोणाला उद्देशून आहे? मला वाटते, ती तपासनिसाला उद्देशून आहे. भुकटीच्या डब्यांना वेगळे कुलूप असावे आणि वाटीच्या दाराला नसावे, एवढा बदल केला तरी हा पेच सुटतो. चोरी भुकटीची होते, वाटीची नव्हे.

मी त्या यंत्रासाठी एक मराठी पट्टी लिहून पाहिली. जिल्ह्यात पोवारी, गोंडी, हिंदी बोलणारेही आहेत, त्यांच्यासाठी जाणकारांनी ती आपापल्या बोलीत करावी. पट्टी अशी : "बटण बंद करा. डबा उचला, तोंडाला झाकण लावा. पन्हळ कोरड्या ब्रशने झाडा. वाटी अर्धी फिरवून काढा, रबरी कडी काढा. दोन्ही कोमट पाण्यात भिजत घाला. घासा, विसळा, पालथे घाला. पूर्ण कोरडे झाल्यावरच परत बसवा."

ती मी बाईंना वाचून दाखवली. सगळे पटले; एका ठिकाणी त्या थांबल्या. "पालथं घालू कुठं? आन् ते वाळेपर्यंत साहेब लोक चहा थोडी थांबवतात?" ओली वाटी परत बसवली की वाफेआधीच पन्हळीला ओल मिळते, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे माझ्या कागदावर आता दोन ओळी वाढल्या आहेत. प्रत्येक यंत्राबरोबर वाटी, पन्हळ आणि कडी यांचा दुसरा संच यावा, एक कामावर असताना दुसरा वाळेल. आणि दाराच्या आतल्या अंगाला, वाफ पोचणार नाही अशा जागी, निथळायला एक जाळी असावी.