माडी वाजते म्हणून वाडा पाडू नका
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, आनंदाची गोष्ट आहे. आपण सगळे स्लॅबखाली राहायला आलो, पण बऱ्याच जणांचं जुनं घर अजून बेलापूरच्या गावठाणात उभं आहे. कुणाचे आई-वडील तिथंच राहतात. माझा जन्म सुतारकामात गेला, म्हणून मला एकच प्रश्न सारखा येतो : "मिस्त्री, माडी लई वाजते, पाडून टाकू का?"

आधी ती वाजते का, ते पोरांसाठी सांगतो. कडीपाटाच्या माडीत तुळयांवर कड्या असतात आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या, खिळ्यांनी ठोकलेले असतात. लाकूड कापल्यावरही हवेतली ओल घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात ते फुगतं, चैत्र-वैशाखात आकसतं. लांबीत फारसं नाही, रुंदीत. असे कितीतरी पावसाळे गेले की खिळ्याचं भोक सैल होतं. पाय पडला की फळी दबते, उचलला की वर येते आणि खिळ्याला नाहीतर शेजारच्या फळीला घासते. करकर होते ती एवढ्यानंच.

जपानात क्योटोला निजो नावाचा किल्ला आहे, १६०३ सालचा. तिथल्या वाड्याच्या ओसरीवर चाललं की फळ्या पाखरागत चिवचिवतात. कारण आपल्यासारखंच, खिळे आणि लोखंडी आकडे घासतात. लोक तिकीट काढून ऐकायला जातात. तेव्हा नुसता आवाज आला म्हणून घाबरायचं नाही.

उपाय सोपा आहे. एकानं वर चालायचं, दुसऱ्यानं खाली उभं राहून जागा हेरायची आणि खडूनं खूण करायची. फळी आणि कडीत फट असेल तर पातळ पाचर सरस लावून हातानं सरकवायची. हातोड्यानं ठोकली तर फळी उचलते आणि शेजारची वाजायला लागते. खिळा सैल असेल तर त्याच भोकात दुसरा खिळा मारू नका, तोही ढिला होतो. शेजारी गिरमिटानं भोक पाडून कडीत स्क्रू आवळा आणि त्याचं डोकं फळीत बुडवा. जुनं सागवान कडक असतं, भोक न पाडता स्क्रू मारला तर चिरतं. फळीला फळी घासत असेल तर सांध्यात शंखजिऱ्याची पावडर सोडा. तेल ओतू नका, ते धूळ धरतं. आणि उन्हाळ्यातल्या फटी लांबी भरून बुजवू नका. पावसाळ्यात फळीला फुगायला जागा लागते.

आता खरी काळजीची गोष्ट. ज्यानं घर बसतं, ते बहुतेक वेळा वाजत नाही. कडीचं आणि तुळईचं टोक भिंतीत असतं. तिथं पाणी मुरतं, मग टोक कुजतं आणि वाळवी लागते. वाळवी आतून खाते, वरचा रंग तसाच राहतो. पाटावर मातीचा थर असेल तर वरून काहीच कळत नाही. म्हणून भिंतीलगत पेचकस टोचून पाहा. तो सहज आत गेला, ठोकल्यावर पोकळ वाजलं, भिंतीवर वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या किंवा माडी मध्येच खोलगट झाली, तर त्याच दिवशी वरच्या धान्याच्या कोठ्या आणि ट्रंका उतरवा. खाली कुणाला झोपू देऊ नका. जाणता मिस्त्री आणि इंजिनिअर बोलावून खालून टेकू द्या. आधी गळती बंद करा, मगच टोक बदला किंवा बाजूला नवी कडी घाला. बाकीची माडी ठणठणीत असेल तर तेवढ्यावर भागतं.

पाडायचा सल्ला देणाऱ्याचा डोळा कधी कधी तुमच्या सागवानावर असतो, हेही ध्यानात ठेवा. पण म्हातारी माणसं खाली झोपत असतील तर "आजोबांच्या वेळचं आहे, काही होत नाही" असंही म्हणू नका. दोन्हीकडून फसायचं नसेल तर आधी टोकं तपासा. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अर्ध्या तासाचं काम आहे. पेचकस नसेल तर माझ्याकडून घेऊन जा.