जळका वास नेमका येतो कुठून?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी ज्येष्ठांनी जुन्या आठवणी सांगायच्या असतात. त्या इतरांनी छान सांगितल्या. मी आज पार्किंगबद्दल बोलणार आहे. 25 वर्षांपूर्वी आपल्या इमारतींचं वायरिंग झालं, तेव्हा पार्किंगमध्ये दिवे आणि पाण्याचा पंप एवढीच विजेची गरज होती. आज तिथे इलेक्ट्रिक गाड्या रात्रभर चार्ज होत असतात.

गेल्या पावसाळ्यात बी विंगखाली जळका वास येऊ लागला, हे आपल्याला आठवत असेल. लगेच मोबाइलवर पेटत्या गाड्यांचे व्हिडिओ फिरले आणि ‘ह्या गाड्या सोसायटीत नकोतच’ असा सूर निघाला. भीती खोटी नव्हती. त्या जागेच्या बरोबर वर आपली माणसं झोपतात. कमिटीने आम्हा तिघांना शोध घ्यायला सांगितलं. बँकेत हिशोबाचा घोळ शोधताना आम्ही आधी विचारत असू, तो कधीपासून आणि कुठल्या खात्यात? वासालाही हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. कधी येतो आणि कुठे जास्त येतो?

इलेक्ट्रिक गाडीत क्लच नाही, इंजिन ऑइल नाही. त्यामुळे पेट्रोल गाडीतली नेहमीची कारणं इथे बाद होतात. घाट उतरून आल्यावर किंवा हँडब्रेक ओढलेला राहिल्यावर वास आला, तर तो ब्रेकचा. एखाद्या चाकाजवळ जास्त धग लागते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर वेग कमी करताना वीज परत साठवायला जागा नसते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो, हेही लक्षात ठेवा. एसी लावल्यावरच वास आला तर ब्लोअर बघायचा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर 12 व्होल्टची छोटी बॅटरी तपासायची. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत तीही असतेच. जळक्या प्लास्टिकचा, किंवा कधी कधी माशासारखा वास आला तर वायर किंवा प्लग तापतोय असं समजावं.

आपल्याकडे काय झालं? वॉचमनने सांगितलं, वास रात्री दहानंतर येतो, चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की. गाडीच्या बॉनेटजवळ, गाडीखाली काहीच नाही. भिंतीच्या कोपऱ्यात मात्र जास्त. म्हणजे गाडी बाजूलाच राहिली, संशय भिंतीवर आला! वायरमनने मेन बंद करून सॉकेट उघडलं. आत फेजच्या वायरचा स्क्रू ढिला, वायरचं आवरण तपकिरी होऊन कडक झालेलं, आणि प्लगची पिन काळी पडलेली. गाडीची बॅटरी ठणठणीत होती.

‘मग एमसीबी का पडला नाही?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. एमसीबी मर्यादेपेक्षा जास्त करंट गेला तरच पडतो. ढिल्या जोडातून करंट नेहमीइतकाच जातो, फक्त तो जोड तापतो. हिशोब सोपा आहे. चार्जर 15 अँपिअर घेतो. जोडाचा रोध एक दशांश ओहम धरला, तर 15 गुणिले 15 गुणिले 0.1, म्हणजे साडेबावीस वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, तीही बंद डब्यात आणि रात्रभर. गीझर दोन किलोवॉटचा असला तरी पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तीन किलोवॉटहून जास्त वीज आठ-दहा तास ओढते. जुन्या सॉकेटची परीक्षा तिथे होते.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. गोडसर, थिनरसारखा वास, ‘फुस्स’ असा आवाज, किंवा गाडीखालून पांढरा धूर, ह्यांपैकी काहीही दिसलं तर ते मोठ्या बॅटरीचं लक्षण असू शकतं. तिथे शोध घेत बसायचं नाही. माणसं लांब न्यायची, शक्य असेल तर लांबूनच मेन बंद करायचा आणि 101 किंवा 112 ला फोन करून ‘गाडी इलेक्ट्रिक आहे’ हे आवर्जून सांगायचं. अशी आग विझल्यावर काही तासांनी पुन्हा पेटू शकते. नारिंगी रंगाच्या केबलला तर कधीच हात लावायचा नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. ‘गाड्या नकोत’ म्हणून प्रश्न सुटणार नाही. बंदी घातली तर कुणीतरी खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडेल, आणि ते ह्याहून धोक्याचं आहे. प्रत्येक चार्जिंग पॉइंटला मीटर रूममधून स्वतंत्र, पुरेशा जाडीची वायर हवी, स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी हवा, अर्थिंग तपासलेलं हवं, आणि दर सहा महिन्यांनी वायरमनने स्क्रू आवळायला हवेत. खर्चाचा वाद येत्या सर्वसाधारण सभेत होणारच. माझं मत स्पष्ट आहे. मुख्य केबल आणि पॅनेल सोसायटीने करावं, कारण सुरक्षितता सगळ्यांची आहे. तिथून पुढचा पॉइंट आणि विजेचं बिल गाडीमालकाने द्यावं. माझ्याकडे गाडी नाही, तरी माझ्या वाट्याची वर्गणी मी आनंदाने देईन.

तोवर एवढं करा. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, पण हात ठेववत नसेल तर प्लगला न झोंबता मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. आणि वास आला तर तो कुणाच्याही गाडीचा असो, संकोच न करता शेजाऱ्याची बेल वाजवा.