कोवळे मस्तक आणि चेंडू

फुटबॉल हा पायांचा खेळ खरा. पण उंचावरून येणारा चेंडू कपाळाने टोलवून गोल करणारा खेळाडू प्रेक्षकांच्या विशेष कौतुकास पात्र ठरतो. या कौतुकाचे मोल किती, हा प्रश्न जेफ अ‍ॅस्टल या इंग्लिश खेळाडूच्या मृत्यूने ऐरणीवर आणला. हेडरसाठी ख्यातनाम असलेला हा खेळाडू २००२ साली, ५९व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाने जर्जर होऊन निवर्तला. अधिकृत चौकशीत त्याच्या मृत्यूचे कारण व्यवसायजन्य रोग असे नोंदविण्यात आले.

मेंदू हा कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. चेंडूच्या आघाताने तो हिंदकळतो आणि त्यातील सूक्ष्म तंतूंवर ताण येतो. अशा एका आघाताने बहुधा काहीच जाणवत नाही. धोका आहे तो वर्षानुवर्षे होणाऱ्या पुनरावृत्तीत. पूर्वीचा चामडी चेंडू पाणी शोषून जड होई, आताचा होत नाही, असे समाधान काही जण करून घेतात. परंतु कोरड्या चेंडूचे वजन आजही ४१० ते ४५० ग्रॅमच आहे.

ग्लासगो येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ७,६७६ माजी व्यावसायिक स्कॉटिश खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांहून सुमारे साडेतीन पट आढळले. २०२१ च्या पुढील अभ्यासात हा धोका बचावफळीच्या खेळाडूंत सर्वाधिक दिसला. क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलरक्षकांत मात्र लक्षणीय वाढ दिसली नाही.

हे निष्कर्ष प्रौढ व्यावसायिकांचे आहेत. ते मुलांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व मानेचे स्नायू दुबळे असतात. म्हणूनच अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडरची मनाई केली. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर वगळला.

पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत थांबावे, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे विकार प्रकट होण्यास कित्येक दशके लागतात. तोवर थांबणे म्हणजे मुलांवरच प्रयोग करणे होय. दहा वर्षांच्या मुलाला वेदना होत नाही, म्हणून तो स्वतः थांबणार नाही. त्याला थांबविण्याचे दायित्व प्रशिक्षकांचे व पालकांचे आहे. त्या वयात पायांनी शिकण्यासारखे पुष्कळ असते. हेडर पुढे, मान बळकट झाल्यावर, बेताने शिकविता येतो.